वादळ समुद्रात, पूर झेंगझोऊत

मलय भाषेत ‘चंपाका’ म्हणजे चाफा. आपला संस्कृतातला चंपकच तिकडे जाऊन स्थायिक झालाय. जुलै २०२१ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात जे वादळ घोंघावत होतं, त्याच्या वाट्याला मलेशियाने सुचवलेलं हे नाव आलं होतं. त्याच दिवसांत तैवानच्या पूर्वेला आणखी एक वादळ रेंगाळत होतं. त्याचं नाव इन-फा. ते मकाऊने दिलेलं, अर्थ आतषबाजी. एक चाफा, एक आतषबाजी, आणि आभाळ फाटलं ते दोघांपासून दीडेक हजार किलोमीटर आत, चीनच्या हेनान प्रांतातल्या झेंगझोऊ शहरावर.

२० जुलैला दुपारी चार ते पाच या एका तासात तिथल्या हवामान केंद्रावर २०१.९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिलिमीटर ऐकून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून एकराचा हिशेब करू. एका एकरावर तासाभरात सुमारे आठ लाख सतरा हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एकरी ब्याऐंशी टँकर. दोन हजार वस्तीच्या गावाला उन्हाळ्यात माणशी वीस लिटर धरले तर रोज चार टँकर लागतात. म्हणजे अशा गावाचं वीस दिवसांचं पाणी, एका एकरात, एका तासात. शहर किती एकरांचं असतं ते तुम्हीच बघा.

तिथे तीन दिवसांत मिळून ६१७.१ मिलिमीटर पडला. झेंगझोऊची वर्षाची सरासरी आहे ६४०.८.

आता गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की तो तास सुरू होता तेव्हा दोन्ही वादळं अजून समुद्रातच होती. चंपाका त्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर चढलं. इन-फा तर पाच दिवसांनी, २५ तारखेला, चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या झोउशानला पोचलं. आपल्याकडच्या अंतरात सांगायचं तर वादळ कोलकात्याच्या बाजूला आणि पाणी मुंबईत, असा हा प्रकार. मग त्या वादळांचा या पावसाशी संबंध काय?

आभाळात पाणी मावतं किती?

पाऊस म्हणजे ढगात साठलेलं पाणी, ढग फुटला की खाली येतं, अशी आपली समजूत असते. ‘ढगफुटी’ हा शब्दही तीच समजूत पक्की करतो, जणू वर कुठेतरी भरलेली पखाल आहे. तसं नसतं. जमिनीपासून वर आभाळाच्या टोकापर्यंत हवेचा एक उभा खांब धरा, पावसाळ्यातल्या अगदी दमट हवेचा. त्यातली सगळी वाफ पिळून काढली तरी जमिनीवर साठ-सत्तर मिलिमीटर पाणी होतं. त्याहून फार जास्त तिथे नसतंच.

झेंगझोऊत तासाला दोनशे पडले. म्हणजे वरचा खांब तासाभरात तीनदा पुरता रिकामा व्हायला हवा आणि तीनदा भरायलाही हवा. रिकामा होणं सोपं आहे. भरायला मात्र आजूबाजूच्या मोठ्या टापूतली दमट हवा सतत त्या जागेकडे ओढली जायला लागते, आणि तो टापू कोरडा पडू नये म्हणून त्याच्या मागून समुद्राकडची हवा यायला लागते. मुसळधार पाऊस हा साठ्याचा खेळ नाही, पुरवठ्याचा आहे. पाटाला पाणी चालू असेपर्यंत शेत भिजतं. पाट बंद झाला की कितीही मोठं शेत असो, थोड्या वेळाने कोरडंच.

ज्यांनी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरलीत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. पाणी कालव्याचं असतं. दारं धरणारा ते निर्माण करत नाही, फक्त कुठल्या वाफ्यात वळवायचं ते फावड्याने ठरवतो. लांबची वादळं नेमकं हेच करतात. इन-फाने स्वतःच्या पोटातला पाऊस झेंगझोऊला पाठवला नव्हता. त्याने पश्चिम पॅसिफिकवरची दमट हवा हेनानच्या वाफ्यात वळवली.

उसाचा चरक

वळवली म्हणजे कशी, ते बघू. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाभोवतीचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, आणि जास्त दाबाच्या प्रदेशाभोवतीचा काट्यांच्या दिशेने. पॅसिफिकवर उन्हाळ्यात जास्त दाबाचा एक अवाढव्य प्रदेश ठाण मांडून असतो. त्या जुलैत तो नेहमीपेक्षा बराच उत्तरेला, जपानच्या बाजूला सरकलेला होता. त्याच्या खाली, दक्षिणेला, इन-फा.

आता रसवंतीवाल्याचा चरक आठवा. दोन रूळ, एक इकडे फिरतो, एक तिकडे, आणि मधल्या फटीत ऊस टेकवला की सरकन आत ओढला जातो. वरचा जास्त दाब एका दिशेने फिरणारा, खालचं वादळ उलट दिशेने फिरणारं. मधल्या फटीत दोघांचाही वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे. दोघांचा जोर एकाच बाजूला लागला की त्या पट्ट्यात जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरच्या आत वाऱ्याचा जोरदार झोत तयार होतो. वाफेचा मोठा वाटा याच उंचीखाली असतो, म्हणून हा झोत महत्त्वाचा. वर, बारा किलोमीटरवर, कितीही सोसाट्याचा वारा असला तरी तिथली हवा जवळजवळ कोरडी असते.

शिवाय इन-फा हळू चालणारं होतं. वेगाने जाणारं वादळ असा चरक एखादा दिवस चालवतं आणि निघून जातं. हे रेंगाळलं, त्यामुळे चरक दिवसामागून दिवस एकाच जागी फिरत राहिला. वादळ किती जोराचं आहे हे आपण बातम्यांत ऐकतो, किती वाऱ्याचं, कितव्या श्रेणीचं. दूरच्या पावसासाठी जोरापेक्षा चाल आणि घेर जास्त मोलाचा. इन-फा काही विक्रमी जोराचं नव्हतं. पसरट होतं आणि आळशी होतं, एवढं पुरलं.

चाफ्याचं काम वेगळं होतं. चंपाका झेंगझोऊच्या थेट दक्षिणेला होतं. वादळाच्या पूर्व अंगाला वारा नेहमी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे दक्षिण चिनी समुद्रावरची दमट हवा त्या अंगाने वर ढकलली जात होती. एक पाट पूर्वेकडून, दुसरा दक्षिणेकडून.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट सांगायला हवी, कारण नकाशावर दोन भोवरे काढून मध्ये बाण ओढले की सगळं फार सोपं वाटतं. दोन वादळांचा आपसात चरक होत नाही. दोन्ही एकाच दिशेने फिरतात. त्यांच्या मधल्या जागेत एकाचा वारा वर जातो, दुसऱ्याचा खाली येतो, आणि दोघं एकमेकांना खोडतात. त्यांची बेरीज होते ती दोघांच्या उत्तरेला, जिथे दोघांचाही वारा पूर्वेकडून येतो. म्हणून ‘दोन वादळं म्हणजे दुप्पट पाणी’ हा हिशेब चुकीचा आहे. कोण कुठे उभं आहे यावर सगळं.

शास्त्रज्ञ याची परीक्षा कशी घेतात? संगणकावर त्या दिवसांचं हवामान पुन्हा चालवतात, पण त्यातून एक वादळ पुसून टाकतात. मग पाऊस किती घटतो ते बघतात. इन-फा पुसलं की समुद्राकडून येणारा ओघ घटतो, त्यामुळे मोठा वाटा त्याचा धरला जातो. चंपाकाच्या वाट्यावर मात्र वाद आहेत, आणि ते साहजिक आहे. ही वजाबाकी सरळ नसते. एकत्र कुटुंबातला एक माणूस परगावी गेला की बाकीच्यांचीही कामं बदलतात. एक वादळ काढलं की दुसऱ्याची वाट बदलते, जास्त दाबाचा प्रदेश थोडा सरकतो, आणि आपण तुलना करतोय ती मूळ आभाळाशी राहतच नाही.

पाणी आलं, पण थांबलं कशाने?

दमट हवा नुसती आली आणि पुढे गेली तर पाऊस पडत नाही. ती उचलली जायला हवी. वर गेली की ती थंड होते, वाफेचं पाणी होतं. हे आपल्याला सह्याद्री दरवर्षी दाखवतो. महाबळेश्वरला धो-धो आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर पूर्वेला माणदेशात टिपूस नाही.

झेंगझोऊच्या पश्चिमेला आणि वायव्येला डोंगर आहेत, फुन्यू आणि ताइहांग. आपला वारा पश्चिमेकडून येतो आणि घाटाला पश्चिमेकडून धडकतो. तिथे तो पूर्वेकडून आला आणि डोंगरांच्या पूर्व उतारांना धडकला. बाकी गणित तेच. हवा उचलली गेली, पाऊस सुरू झाला. आणि एकदा सुरू झाला की तो स्वतःलाच इंधन घालतो. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आसपासची हवा हलकी होऊन आणखी वर जाते, खाली जागा रिकामी होते, तिथे आणखी दमट हवा घुसते. धुराड्यासारखी ओढ लागते. त्यात झेंगझोऊजवळ कमी दाबाचा एक लहानसा भोवरा तयार झाला, त्याने ही ओढ नेमक्या शहरावर आणून ठेवली. नवे ढग एकाच जागी जन्मत आणि त्याच वाटेने एकामागून एक शहरावरून जात, लोकलच्या डब्यांसारखे.

हेनानला हा अनुभव नवा नव्हता. चीनच्या मुख्य भूमीवर तासाभराच्या पावसाचा आधीचा विक्रम १९८.५ मिलिमीटरचा, तोही हेनानमधल्याच लिनझुआंगचा, ५ ऑगस्ट १९७५ चा. तेव्हा नीना नावाच्या वादळाचे अवशेष तिथे येऊन अडकले होते आणि त्या पावसात बानचिआओ धरण फुटलं. फरक एवढाच की १९७५ मध्ये वादळ स्वतः आलं होतं. २०२१ मध्ये वादळ आलंच नाही, नुसती हवा आली.

हा फरक माणसांच्या डोक्यात बसायला अवघड आहे. समुद्राकाठच्या माणसाला वादळ येतंय म्हटलं की काय करायचं ते कळतं, होड्या ओढतो, पत्रे बांधतो. दीड हजार किलोमीटर आतल्या शहरातल्या माणसाने दूरच्या वादळाची बातमी कशाला मनावर घ्यावी? पावसाचे इशारे झेंगझोऊत दिले गेले होते. १९ जुलैच्या रात्रीपासून २० जुलैला चार वाजेपर्यंत तिथल्या हवामान खात्याने पाच वेळा लाल इशारा दिला. शहराने सर्वांत वरच्या पातळीची आणीबाणी जाहीर केली ती साडेचार वाजता, विक्रमी तास निम्मा उलटल्यावर. त्या संध्याकाळी भुयारी रेल्वेच्या ५ क्रमांकाच्या मार्गावर बोगद्यात पाणी शिरलं, गाडी अडकली, डब्यात पाणी छातीच्या वर चढलं. पाचशेहून जास्त प्रवाशांना बाहेर काढलं, १४ जण गेले. जिंगग्वांग रस्त्याच्या बोगद्यात गाड्या बुडून आणखी ६. जानेवारी २०२२ मध्ये चीन सरकारच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात हेनानमधले मृत आणि बेपत्ता मिळून ३९८, त्यातले ३८० एकट्या झेंगझोऊचे.

फुगडी

दोन वादळं म्हटलं की हवामानाची आवड असलेली मंडळी लगेच फुजिव्हाराचं नाव काढतात, म्हणून तेही बघून घेऊ. साकुहेई फुजिव्हारा हे जपानी हवामानशास्त्रज्ञ. पाण्यात भोवरे करून ते एकमेकांशी कसे वागतात याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९२१ मध्ये तो मांडला. दोन वादळं पुरेशी जवळ आली, ढोबळमानाने चौदाशे किलोमीटरच्या आत, की ती एकमेकांभोवती फिरायला लागतात.

आपल्याकडे याला तयार शब्द आहे, फुगडी. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघी मधल्या बिंदूभोवती गरगरतात. एक अंगाने भरलेली आणि एक किडकिडीत असली की पहिली जवळजवळ जागेवर, आणि दुसरी तिच्याभोवती भिरकावली जाते. वादळांचंही तसंच. यात पावसाच्या दृष्टीने धोका असा की फुगडीत अडकलेलं वादळ सरळ वाटेने जात नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये फिलिपिन्समध्ये पार्मा वादळाचं हेच झालं. मेलोर नावाच्या मोठ्या वादळाने जवळून जाताना त्याला असं गुंतवलं की पार्मा उत्तर लुझोनवर पुन्हा पुन्हा येत राहिलं, आठवडाभर पाऊस आणि दरडी.

चंपाका आणि इन-फा मात्र धड फुगडी घालण्याइतके जवळ नव्हते. त्यांचा संबंध हात धरल्याचा नव्हता, एकाच विहिरीवर मोट हाकणाऱ्यांचा होता.

आणि यासाठी दोन वादळं लागतातच असंही नाही. अमेरिकेत हवामानवाल्यांनी पाहिलं की वादळ यायच्या दीडेक दिवस आधी, त्याच्यापासून साधारण हजार किलोमीटर पुढे, कधी कधी पावसाचा एक वेगळाच गोळा तयार होतो. वादळाने पुढे ढकललेली दमट हवा तिथल्या एखाद्या वाऱ्याच्या सीमारेषेवर चढते आणि ओतते. मराठीत याला ‘आगाऊ पाऊस’ म्हणता येईल, दोन्ही अर्थांनी. ऑगस्ट २००७ मध्ये एरिन नावाच्या एका किरकोळ वादळाचे अवशेष टेक्सास-ओक्लाहोमाकडे असताना पाऊस कोसळला तो पार उत्तरेला मिनेसोटात. होका नावाच्या गावात चोवीस तासांत सुमारे ३८० मिलिमीटर, त्या राज्याचा विक्रम.

झेंगझोऊच्या पुरानंतर दोन वर्षांनी चीनमध्ये पुन्हा तशीच मांडणी जुळली. २८ जुलै २०२३ ला डोकसुरी हे वादळ फूजिआनच्या किनाऱ्यावर चढलं. कोरियन भाषेत डोकसुरी म्हणजे गरुड. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत बीजिंगच्या आसपास पोचले आणि पुढे जास्त दाबाच्या भिंतीला अडकून थांबले. अवशेषांचा पाऊस लवकर संपायला हवा होता, कारण समुद्र मागे राहिला होता. पण तोवर दूर जपानच्या ओकिनावाच्या बाजूला खानुन नावाचं वादळ उभं राहिलं होतं आणि त्याने आग्नेयेकडून नवा पाट चालू केला. बीजिंगच्या एका जलाशयावर त्या चार-पाच दिवसांत ७४४.८ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, शहराच्या १४० वर्षांच्या नोंदींतला सर्वांत जास्त. थाई भाषेत खानुन म्हणजे फणस. चाफा, मग फणस. कोकणातलं परसच म्हणायचं.

अंदाज वर्तवणाऱ्यांची अडचण यातून दिसते. किनाऱ्यावर येणाऱ्या वादळासाठी एक गोष्ट अचूक सांगावी लागते, त्याची वाट. दूरच्या पावसासाठी वादळाची वाट, जास्त दाबाची जागा, झोत कुठे टेकणार, डोंगर आणि तो लहानसा भोवरा हे सगळं एकदम बरोबर यावं लागतं. ‘हेनानमध्ये अतिवृष्टी’ इथपर्यंत आधी पोचता येतं. ‘झेंगझोऊत, चार वाजता’ इथपर्यंत नाही. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडत होता आणि कुलाब्याला ७४. तिथे तर चक्रीवादळही नव्हतं.

आपल्याकडे या गोष्टीचा सगळ्यात जवळचा अनुभव म्हणजे २०१९ ची दिवाळी. क्यार वादळ २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं आणि ओमानच्या दिशेने चालू लागलं. ते पश्चिमेला, म्हणजे महाराष्ट्र त्याच्या पूर्व अंगाला. पूर्व अंगाचा वारा दक्षिणेकडून, समुद्रावरची वाफ घेऊन. ते ओसरत नाही तोवर ३० तारखेला लक्षद्वीपजवळ ‘महा’ नावाचं दुसरं वादळ उभं राहिलं. या दोघांनी फुगडी घातली नाही, एकामागून एक दारं धरली. दोघांपैकी एकानेही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला पाय लावला नाही. त्या ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाचे पंचनामे झाले तेव्हा नुकसानीचा आकडा ५० लाख हेक्टरांच्या वर होता.

लातूरकडे आमच्या चुलत्यांची सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली होती. टीव्हीवर नकाशा लागला, क्यारचा पांढरा भोवरा ओमानकडे सरकत होता, निवेदक सांगत होता की राज्याचा धोका टळला. चुलते म्हणाले, “अरे, ते तिकडं चाललंय, मग हे कुठनं येतंय?” बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. चार दिवसांनी ताडपत्री काढली तर गंजीला वरून खालपर्यंत बोटभर कोंब.